विभक्तता की घटस्फोट? विदर्भातल्या गावांची पार्श्वभूमी

यवतमाळ-वाशीमकडच्या गावात नवरा-बायकोचं जमेनासं झालं की पहिली बैठक बसते मुलीच्या बापाच्या ओसरीवर. दोन्हीकडचे चार जाणते येतात, पोलीस पाटील येतो. मिटलं तर मिटलं, नाहीतर सोडचिठ्ठी लिहिली जाते, किंवा मुलगी नुसतीच माहेरी बसून राहते. न्यायिक विभक्तता (लग्न कायम ठेवून कोर्टाच्या हुकुमाने वेगळं राहणं) मागायची की घटस्फोट, हे वकील विचारतो तोवर बराच काळ गेलेला असतो.

यातली विभक्तता मूळची विलायतेची. तिथल्या चर्चच्या न्यायालयांना वैध लग्न मोडता येत नसे. फार तर ती नवरा-बायकोला वेगळं राहायची मुभा देत. १८५७ च्या कायद्याने ही प्रकरणं चर्चकडून काढून घेतली आणि त्या मुभेला ‘न्यायिक विभक्तता’ म्हटलं. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यातून ती ख्रिस्ती जोडप्यांसाठी आपल्याकडे आली.

विदर्भातल्या बहुतेक गावकऱ्यांचं तिच्यावाचून काही अडलं नव्हतं. कुणबी, तेली, माळी, महार या समाजांत काडीमोड होता आणि त्यानंतर बाईचा पाट, म्हणजे दुसरं लग्नही, लागे. अडचण होती ती ब्राह्मणांची आणि त्यांचं पाहून पाटाला नाकं मुरडणाऱ्या वतनदार घरांची. हिंदू कोड बिलाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हेच दाखवून दिलं होतं: बहुसंख्य हिंदूंमध्ये रूढीने घटस्फोट होतोच, मग कायद्याने दिल्यावर धर्म कसा बुडतो? अर्थात रूढीचा काडीमोड बाईच्या सोयीचा होता असं समजू नये. पंचांत बाई नसायची आणि पोटगीचा विषय क्वचितच निघायचा.

मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्येच केला. पण विदर्भ तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. नाशिकच्या बाईला जे मिळालं त्यासाठी अकोल्याच्या बाईला हिंदू विवाह कायद्याची, म्हणजे मे १९५५ ची वाट पाहावी लागली.

आणि तो कायदाही कंजूषच. नवरा मारतो किंवा दोन वर्षं टाकून गेला आहे, एवढ्यावर घटस्फोट मिळत नसे. मिळे ती फक्त विभक्तता. तो हुकूम घेऊन आणखी दोन वर्षं काढल्यावर घटस्फोटाचा अर्ज. म्हणजे मार खाणाऱ्या बाईला विभक्तता ही निवड नव्हती, तो घटस्फोटाचा उंबरठा होता. १९७६ च्या दुरुस्तीने छळ आणि टाकून देणं ही घटस्फोटाचीही कारणं केली, दोन्ही अर्जांची कारणं सारखी केली आणि परस्पर संमतीचा घटस्फोट आणला. खरी निवड सुरू झाली ती तेव्हापासून.

मग आता कुणी विभक्तता कशाला मागेल? गावात याचं उत्तर बहुतेक वेळा शेतीत सापडतं. विभक्ततेत ती कायद्याने बायकोच राहते. नवरा मृत्युपत्र न करता वारला तर ती पहिल्या वर्गाची वारस, सातबाऱ्यावर मुलांबरोबर तिचंही नाव चढतं. घटस्फोटानंतर मुलांचा हक्क राहतो, तिचा जातो. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात, जिथे कर्जापायी माणूस कधी जाईल याचा नेम नाही, तिथे हा हिशेब कुणी उघड बोलत नाही, पण करतात सगळेच. पोटगी दोन्ही हुकुमांत मागता येते. दुसरं लग्न मात्र घटस्फोटाशिवाय नाही.

या हिशेबातली मेख १९६४ मध्ये बसली. तोवर विभक्ततेनंतरचा घटस्फोट ज्याने हुकूम मिळवला त्यालाच मागता येई; त्या दुरुस्तीने तो दोघांनाही खुला केला. मुदतही १९७६ मध्ये दोनाची एक वर्षावर आली. एकत्र न राहता वर्ष गेलं की नवराही अर्ज करू शकतो. शेतीसाठी विभक्ततेवर थांबलेल्या बाईला हे सहसा कुणी सांगत नाही.

विभक्ततेच्या हुकुमाचा आणखी एक अर्थ विदर्भाशीच जोडलेला आहे. देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या १९७२ च्या बलात्कार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना सोडलं. देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच दुरुस्तीत, विभक्ततेच्या हुकुमानंतर नवऱ्याने बायकोवर केलेली शरीरसंबंधाची जबरदस्ती पहिल्यांदा गुन्हा ठरली. हुकुमाची ती अट २०१३ मध्ये गेली. आता नुसतं वेगळं राहणंही पुरतं.

राहिली स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी. रूढीचा घटस्फोट १९५५ च्या कायद्याने कलम २९ मध्ये राखून ठेवला, पण ती रूढी त्या समाजात खरोखर आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. नोटरीच्या शिक्क्याने ते होत नाही. सिद्ध झालं नाही तर पहिलं लग्न कायम आणि दुसरं रद्दबातल. गोंड, कोरकू, कोलाम, माडिया या अनुसूचित जमातींना तर केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदाच लागू नाही. मेळघाटात किंवा भामरागडला तुटलेलं लग्न आजही मुख्यतः जमातीच्या रूढीनेच तुटतं.