एक्सपाथ: दोन गरजांतून घडलेली एक लेखनपद्धती

वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल या, मजकुराची रचना खुणांनी दाखवणाऱ्या भाषेची शिफारस (म्हणजे अधिकृत मानक) प्रसिद्ध केली, तेव्हा दस्तऐवज कसा लिहायचा हे ठरले. त्यातला नेमका नोड, म्हणजे घटकासारखा एखादा भाग, कसा दाखवायचा, हे मात्र ठरायचे होते. एक्सएसएल या, दस्तऐवजाला रूप देणाऱ्या भाषेवर काम करणाऱ्यांना कोणत्या घटकाला कोणता साचा लावायचा हे सांगणारे नमुने हवे होते, तर एक्सपॉइंटर या दुव्यांसाठीच्या भाषेवर काम करणाऱ्यांना दुव्यातूनच दस्तऐवजाच्या आतली जागा दाखवायची होती आणि त्यासाठी त्यांनी टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह या, ग्रंथांच्या डिजिटल लेखनाचे नियम ठरवणाऱ्या प्रकल्पातल्या पद्धतीचा आधार घेतला होता. दोन्हींचे बरेचसे काम एकच असल्याने सामाईक भाग वेगळा काढण्यात आला आणि जेम्स क्लार्क व स्टीव्ह डीरोझ यांच्या संपादनाखाली १६ नोव्हेंबर १९९९ रोजी, एक्सएसएलटी या एक्सएसएलमधल्या रूपांतराच्या भाषेबरोबरच, एक्सपाथ १.० या नोड दाखवणाऱ्या भाषेची शिफारस आली.

पथ वेबपत्त्यात आणि घटकाला जोडलेल्या गुणधर्माच्या, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूटच्या अवतरणचिन्हांत मावायला हवा, म्हणून ही भाषा स्वतः एक्सएमएलमध्ये लिहिली जात नाही. फाइलींच्या पत्त्यासारखी तिरप्या रेघांची मांडणी आणि संक्षेपांची रेलचेल यामागे हेच कारण आहे. /ग्रंथ/प्रकरण[2]/परिच्छेद या पथाचा अर्थ ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणातले परिच्छेद. त्यात प्रत्येक पायरीवर 'चाइल्ड' हा अक्ष, म्हणजे आतल्या घटकाकडे जाण्याची दिशा, गृहीत असतो. असे एकूण १३ अक्ष असून त्यांच्या आधारे पूर्वज, वंशज, भावंडे अशा कोणत्याही दिशेने जाता येते. (घटकांची नावे देवनागरीत चालतात, कंसातला अंक मात्र 1, 2, 3 असा इंग्रजीच लागतो.)

संक्षेपाची किंमतही मोजावी लागते. //परिच्छेद[1] म्हणजे दस्तऐवजातला पहिला परिच्छेद, असे वाटणे साहजिक आहे. पण दुहेरी रेघ हा मधल्या एका पूर्ण पायरीचा संक्षेप असल्याने [1] ही अट प्रत्येक पालक घटकापुरती लागू होते आणि दहा प्रकरणांतले दहा पहिले परिच्छेद हाती येतात. एकच हवा असेल, तर (//परिच्छेद)[1] असे लिहावे लागते. शिफारशीतच हा फरक टीप देऊन सांगितला आहे, तरीही चूक होत राहते, आणि माझ्या मते दोष वाचणाऱ्याचा नाही.

२००७ च्या २.० आवृत्तीने नोडसंचाऐवजी क्रमिका, म्हणजे क्रम असलेल्या याद्या, आणल्या, तर २०१७ च्या ३.१ ने मॅप (किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्या) आणि एकात एक बसू शकणाऱ्या याद्या, म्हणजे अ‍ॅरे. ब्राउझर मात्र अजून १.० वरच आहेत, त्यामुळे वेबपानावर आजही १९९९ चेच नियम चालतात.