ब्लॅक मिडी की ब्लॅक कंट्री, न्यू रोड? दोन पहिले अल्बम आणि एक नेहमीचा घोळ

परवा रात्री एका मित्राचा मेसेज आला: "तू सांगितलेला तो ब्लॅकवाला बँड लावलाय. भारी आहे, पण सॅक्सोफोन कधी येतो? अर्धा अल्बम संपला." तो ऐकत होता ब्लॅक मिडीचा 'श्लागेनहाइम'. मी सांगितला होता ब्लॅक कंट्री, न्यू रोडचा 'फॉर द फर्स्ट टाइम'. पहाटेपर्यंत जागला असता तरी त्याला हवा असलेला सॅक्सोफोन काही भेटला नसता.

हा घोळ फक्त त्याचाच होतो असं नाही. ब्रिटिश रॉकमध्ये नव्याने शिरणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे एकदा तरी अडखळतो, आणि त्यात ऐकणाऱ्याचा दोष नाही. दोन्ही नावांची सुरुवात 'ब्लॅक'. दोन्ही बँड एकाच काळात लंडनमध्ये वर आले. दोन्हींचे सभासद पहिल्या अल्बमच्या वेळी जेमतेम विशीत. दोन्ही पहिले अल्बम मर्क्युरी पुरस्काराच्या, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमला मिळणाऱ्या बक्षिसाच्या, अंतिम यादीत, एक २०१९ मध्ये आणि दुसरा २०२१ मध्ये. त्यात दोन्ही बँड दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टन भागातल्या एकाच पबात वाढलेले. त्याचं नाव विंडमिल. जवळच एक जुनी पवनचक्की अजून उभी आहे, तिच्यावरून पडलेलं. दीडएकशे माणसं शिरली की पाय ठेवायला जागा नाही अशी ती खोली, पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिथून निघालेल्या बँडची नावं काढली तर ब्रिटनच्या पर्यायी रॉकचा निम्मा इतिहास सांगून होतो. इतकं कमी होतं म्हणून की काय, हे दोन्ही बँड एकत्र येऊन 'ब्लॅक मिडी, न्यू रोड' या नावानेही वाजवायचे! २०२० च्या डिसेंबरमध्ये कोविडमुळे पब बंद पडायची वेळ आली, तेव्हा त्याच्या मदतीसाठी त्यांनी मिळून ऑनलाइन कार्यक्रम केला. आता यात नव्या माणसाने कुणाला कसं ओळखायचं?

नावांपासून सुरू करू, कारण दोन्हींतला 'ब्लॅक' वेगळा आहे.

संगणक आणि वाद्य एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती मिडी. जपानमध्ये इंटरनेटवरच्या काही हौशी मंडळींनी या भाषेत एकेका तुकड्यात हजारो, लाखो स्वर कोंबायला सुरुवात केली. ते कागदावर उतरवलं तर पाच रेघांचं सगळं पान काळंकुट्ट दिसेल, म्हणून त्या प्रकाराला ब्लॅक मिडी म्हणू लागले. बँडने तिथून फक्त नाव उचललं. त्यांचं संगीत काही संगणकावरचं नाही, चार माणसांच्या हातापायांतून आलेलं आहे.

दुसऱ्या नावात मुळी दोन तुकडेच नाहीत, तो एका रस्त्याचा पत्ता आहे. ब्लॅक कंट्री म्हणजे बर्मिंगहॅमच्या पश्चिमेचा जुना कोळशाचा आणि लोखंडाचा पट्टा, आणि तिथून ब्लॅक कंट्री न्यू रोड नावाचा खराखुरा मोठा रस्ता जातो. बँडची मंडळी त्या भागातली नाहीत, त्यांचं मूळ केंब्रिजच्या आसपास. विकिपीडियावर कुठलंही पान आपोआप समोर आणणारं बटण असतं, ते दाबल्यावर हा रस्ता निघाला आणि नाव ठरलं. नावातला स्वल्पविराम मात्र त्यांचा स्वतःचा. तो पडला आणि रस्त्याच्या पाटीची कवितेची ओळ झाली, असं मला ते नाव वाचताना दर वेळी वाटतं.

आता अल्बमकडे.

'श्लागेनहाइम' २१ जून २०१९ ला रफ ट्रेड या लेबलकडून आला. गाणी नऊ. बँडमध्ये चौघे: जॉर्डी ग्रीप गातो आणि गिटार वाजवतो, मॅट क्वास्निएव्स्की-केल्विन दुसरी गिटार, कॅमेरॉन पिक्टन बेस, मॉर्गन सिम्पसन ड्रम. चौघेही ब्रिट स्कूलचे. लंडनच्या क्रॉयडन भागातली ही कलाशिक्षणाची सरकारी खर्चाने चालणारी शाळा, एमी वाइनहाउस आणि अडेल तिथल्याच. अल्बमचं नाव कुठल्या शब्दकोशात सापडणार नाही. जर्मनमधल्या 'मारणं' आणि 'घर' या शब्दांना जोडून केल्यासारखं ते आहे, आणि त्या घरात काय चालतं ते पहिल्या गाण्यातच कळतं.

'९५३' हे ते गाणं. गिटारचा एक वेगवान, काटेरी तुकडा सुरू होतो, चौघे मिळून तो आपटतात, थांबतात, पुन्हा आपटतात. थांबण्याची जागा दर वेळी आपल्या अपेक्षेच्या जरा अलीकडे किंवा पलीकडे. तबल्यावरची अवघड तिहाई ऐकताना सम कुठे पडेल याचा आपण मनात हिशोब मांडतो आणि कलाकार आपल्याला चकवून तिथेच अचूक उतरतो, तेव्हा होणारा आनंद ज्याने अनुभवलाय त्याला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. यात खरी कमाल सिम्पसनची आहे. तो चर्चमध्ये ड्रम वाजवत वाढला, आणि कितीही गोंधळ माजला तरी त्याच्या हातातला झोका सुटत नाही. वरची तिघं भिंती पाडत असतात आणि खाली हा माणूस नाचायला जागा करून देतो. मी हा अल्बम पहिल्यांदा नीट ऐकला तो फक्त ड्रमवर कान ठेवून, आणि नवीन माणसालाही मी तेच सांगतो. गिटारकडे नंतर वळा.

ग्रीपचा आवाज अनेकांना पहिल्या भेटीत खटकतो. नाकातून येणारा, उच्चार कुठल्या गावचा ते कळू न देणारा, क्षणात कुजबुज आणि क्षणात किंचाळी. 'बीएमबीएमबीएम' या गाण्यात गिटार जवळजवळ एकाच स्वरावर ठोके देत राहते आणि तो एका बाईबद्दल सांगतो, ती कशी ठाम हेतूने चालते, बस इतकंच. पुन्हा पुन्हा तेच. अर्थ शोधायला गेलं तर हाती फार लागत नाही, पण चौथ्या-पाचव्या फेरीला त्याच शब्दांची भीती वाटू लागते. इथे शब्दांचंही वाद्य झालंय.

याला एक ठळक अपवाद आहे आणि तो मला या अल्बममधला सगळ्यात धाडसी तुकडा वाटतो. 'निअर डीटी, एमआय', म्हणजे डेट्रॉइट, मिशिगनच्या जवळ. तो गातो पिक्टन. विषय फ्लिंट शहर. २०१४ मध्ये तिथल्या प्रशासनाने पैसे वाचवण्यासाठी शहराचं पाणी फ्लिंट नदीवरून घ्यायला सुरुवात केली, ते पाणी नीट प्रक्रिया न करता जुन्या नळांतून गेलं, नळांतलं शिसं त्यात उतरलं आणि लोकांच्या घरात, मुलांच्या पोटात गेलं. गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं. सुरुवातीला हळू बोलणारा आवाज शेवटी ओरडतो, आणि संपलं. अटलांटिकपलीकडच्या एका गावाच्या पाण्यासाठी विशीतला एक पोरगा घसा फाटेपर्यंत ओरडतोय, ही गोष्ट मला आजही हलवते.

अल्बमचा बहुतांश भाग निर्माता डॅन कॅरीसोबत पाच दिवसांत ध्वनिमुद्रित झाला. या गाण्यांचा उगम मुख्यतः तासन्‌तास एकत्र बसून उत्स्फूर्त वाजवण्यात आहे, मग त्यातला गाभा ठेवून बाकीचं छाटलेलं. पण स्टुडिओत गेल्यावर त्यांनी मंचावरची नक्कल केली नाही, वर थर चढवले. 'वेस्टर्न' या लांबलचक गाण्यात तर मध्येच बँजो येतो आणि धुळीने भरलेली वाट डोळ्यांसमोर उभी राहते.

'फॉर द फर्स्ट टाइम' हा ५ फेब्रुवारी २०२१ चा, निंजा ट्यून या लेबलकडून. गाणी सहाच, पण लांबी जवळजवळ तितकीच, चाळीस मिनिटांच्या आसपास. माणसं सात. आयझॅक वुड गायन आणि गिटार, ल्यूक मार्क दुसरी गिटार, टायलर हाइड बेस, चार्ली वेन ड्रम, मे कर्शॉ कीबोर्ड, जॉर्जिया एलरी व्हायोलिन, आणि माझ्या मित्राला हवा असलेला सॅक्सोफोन लुइस इव्हान्सचा. निर्माता अँडी सॅव्हर्स. ध्वनिमुद्रण मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागायच्या अगदी तोंडावर.

फरक पहिल्या मिनिटातच ऐकू येतो. पहिल्या तुकड्याचं नावच 'इन्स्ट्रुमेंटल', त्यात एकही शब्द नाही. ड्रम, मग कीबोर्डवरची गरगरणारी धून, मग व्हायोलिन आणि सॅक्सोफोन मिळून पूर्व युरोपातल्या ज्यू लग्नांत वाजणाऱ्या क्लेझमरच्या वळणाची सुरावट धरतात. गावातून वरात निघावी आणि हळूहळू तिला वेड लागावं, तसं ते वाढत जातं. इथे धक्के कमी आणि चढण जास्त. ब्लॅक मिडी तुम्हाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकलतात, हे लोक मात्र एकाच जिन्याने वर नेतात.

आणि मग वुड बोलू लागतो. गातो म्हणणं कठीण, कारण या अल्बममध्ये तो बहुतेक वेळ बोलतोच, थरथरत्या, रडू आवरणाऱ्या आवाजात. 'सनग्लासेस' हे जवळजवळ दहा मिनिटांचं गाणं घ्या. निवेदक आपल्या प्रेयसीच्या श्रीमंत आईवडिलांच्या घरी गेलाय. आई स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी कलिंगडाचा रस काढतेय, मिक्सरच्या पात्यांचा आवाज येतोय, आणि त्या आवाजात त्याला एक असं भविष्य ऐकू येतं ज्यात त्याला जागा नाही. थोड्या वेळाने तो स्वतःच प्रेयसीचा बाप होतो: दिवसा सुमार नाटकांबद्दल कुरकुरणारा, रात्री उंची व्हिस्कीत बर्फ घालण्यावरून नाराज होणारा. मग गाणं मधोमध उलटतं, वेग धरतं, आणि तोच घाबरलेला मुलगा गॉगल चढवून आपण अजिंक्य असल्याचं ओरडून सांगतो. ऐकताना आपल्याला पक्कं कळतं की तो नाहीये. सासुरवाडीच्या बैठकीत पहिल्यांदा बसताना हात कुठे ठेवायचे हे न सुचलेल्या कुणालाही हे गाणं परकं वाटणार नाही.

म्हणजे 'श्लागेनहाइम'मध्ये शब्द वाद्यांसारखे वापरलेत, आणि 'फॉर द फर्स्ट टाइम'मध्ये सात वाद्यं मिळून एका माणसाच्या बोलण्याला आधार देतात. गोंधळ टाळायला माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची खूण आहे, सॅक्सोफोनपेक्षाही. एका ओळीतलं वाक्य कळण्यासाठी तुम्ही गाणं मागे नेलंत तर तो वुड. ताल कसा फिरला ते कळण्यासाठी नेलंत तर तो ग्रीपचा बँड.

उलट जिथे त्यांना एका टोपलीत टाकतात तिथे थोडं तथ्यही आहे. दोघांचंही पहिलं सिंगल डॅन कॅरीच्या स्पीडी वंडरग्राउंड या छोट्या लेबलकडून आलं: ब्लॅक मिडीचं 'बीएमबीएमबीएम' २०१८ मध्ये, दुसऱ्यांचं 'अथेन्स, फ्रान्स' जानेवारी २०१९ मध्ये. या लेबलचा नियम असा की गाणं एका दिवसात ध्वनिमुद्रित व्हायला हवं, जेवायची सुट्टी नाही, आणि मोजक्याच तबकड्या काढायच्या. पुढे 'अथेन्स, फ्रान्स' आणि 'सनग्लासेस' अल्बमसाठी नव्याने मुद्रित झाली तेव्हा वुडने काही ओळी बदलल्या. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून ऐका, एक मुलगा दीड वर्षात किती मोठा झाला ते दिसतं. अल्बमही त्यांनी मुद्दाम मंचावर वाजतो तसाच ठेवला, पहिल्या दीडेक वर्षाची आठवण म्हणून. बरं झालं, कारण तो बँड तसा टिकला नाही. दुसरा अल्बम यायला चार दिवस उरले असताना, ३१ जानेवारी २०२२ ला, वुडने बँड सोडला. उरलेल्या सहा जणांनी जुनी गाणी बाजूला ठेवली आणि नवी बांधली, आता गायला वेगवेगळे आवाज आहेत. ब्लॅक मिडीचा प्रवास २०२४ मध्ये थांबला. त्यामुळे आज जे कुणी या नावांपाशी पोचतील त्यांच्यासाठी हे दोन पहिले अल्बम विंडमिलच्या त्या खोलीत शिरायचा सगळ्यात जवळचा दरवाजा आहेत.

कुठला आधी ऐकावा? ज्याला आधी अंगाने ऐकायला आवडतं त्याने 'श्लागेनहाइम', ज्याला गोष्ट हवी त्याने दुसरा. मी स्वतः 'फॉर द फर्स्ट टाइम'कडे जास्त वेळा परत जातो, आणि त्याचं कारण एक हळुवार गाणं आहे, 'ट्रॅक एक्स'. आधीची सगळी आदळआपट तिथे शांत होते. गिटारचा एक बारीक तुकडा फिरत राहतो, मागे मुलींचे आवाज येतात, आणि वुड जवळजवळ कानात सांगितल्यासारखं सांगतो की मी तुला प्रेमात असल्याचं कबूल केलं, ब्लॅक मिडीच्या समोर. हो, त्याच ब्लॅक मिडीच्या. त्यांचा कार्यक्रम चालू असेल, सिम्पसन ड्रम बडवत असेल, गर्दीत कुणाला कुणाचं ऐकू येत नसेल, आणि त्या आवाजात एका मुलाने ते शब्द उच्चारले असतील, असंच चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं.

मित्राला मी त्या रात्री फक्त हे एक गाणं पाठवलं. दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला: "थांब, म्हणजे हे दोन वेगळे आहेत?"