जांभळं औषध आधी कापडाचा रंग होता

तोंड आलं की लावतात ते जांभळं औषध, जेन्शियन व्हायोलेट, बऱ्याच जणांना माहितीये, पण मुळात हा कापड रंगवायचा रंग. जेन्शियन हे एका फुलझाडाचं नाव, बाकी झाडाशी याचा काही संबंध नाही, सगळा केमिकलचा मामला.

१८६१ मधे चार्ल्स लाउथ या फ्रेंच केमिस्टने हा रंग बनवला, पॅरिसच्या नावाने विकला गेला, आता आपण मिथाइल व्हायोलेट म्हणतो तो हाच. पण हा एक रंग नाही, अख्खं कुटुंब आहे. मधे एक कार्बन, त्याला बेंझिनच्या तीन कड्या, त्यांच्यावर नायट्रोजन, आणि नायट्रोजनला मिथाइल ग्रुप, म्हणजे एक कार्बन-तीन हायड्रोजनचे तुकडे, चिकटलेले. चार मिथाइल असले तर लालसर जांभळा, जसजसे वाढतील तसा निळसर होत जातो आणि सहा झाले की क्रिस्टल व्हायोलेट, मला तर हे फारच सुंदर वाटतं. जुनं जेन्शियन व्हायोलेट म्हणजे यांचंच मिश्रण. शुद्ध क्रिस्टल व्हायोलेट १८८३ मधे आल्फ्रेड केर्न या केमिस्टने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला बनवलं.

आणि पुढच्याच वर्षी खरी गंमत झाली. हान्स ख्रिश्चन ग्राम हा डॅनिश डॉक्टर बर्लिनमधे फुफ्फुसाच्या टिश्यूत बॅक्टेरिया शोधत होता, त्याने जेन्शियन व्हायोलेट टाकलं, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुतलं, तर काही बॅक्टेरियांनी रंग सोडलाच नाही आणि काहींचा पार धुवून गेला. कारण नंतर कळलं, ज्यांची भिंत जाड ते आयोडीनबरोबर झालेला रंगाचा गोळा आतच धरून ठेवतात. रंग धरणारे ते ग्राम पॉझिटिव्ह, सोडणारे ते ग्राम निगेटिव्ह, हे शब्द इथूनच आले.

१८९० मधे स्ट्रासबर्गच्या याकोब स्टिलिंग या डोळ्यांच्या डॉक्टरने हा रंग जंतुनाशक म्हणून पुढे आणला, आणि १९१२ मधे जॉन चर्चमन या अमेरिकन डॉक्टरने दाखवलं की हा ग्राम पॉझिटिव्हवालेच जास्त रोखतो. मधल्या काळात कॉपिंग पेन्सिलीतही हाच रंग असायचा, कोरडं लिहिलं तर करडं दिसायचं, ओलं झालं की अक्षर एकदम जांभळं. कापडावर मात्र उन्हाने लवकर उडायचा.

औषध म्हणून आता जपून वापरा, प्राण्यांवरच्या प्रयोगांत कॅन्सर दिसल्याने २०१९ मधे कॅनडाच्या आरोग्य खात्याने सावध केलंय. लॅबमधे मात्र ग्रामच्या या टेस्टसाठी स्लाइडवर पहिला थेंब अजूनही क्रिस्टल व्हायोलेटचाच पडतो, आणि बोटाला लागला तर साबणाने काही निघत नाही, दोन-तीन दिवस राहतोच.