लसीकरणातील सुईइजा व तिचा प्रतिबंध

लस टोचताना किंवा टोचून झाल्यावर वापरलेली सुई चुकून दुसऱ्याच माणसाच्या अंगात शिरणे म्हणजे सुईइजा. आरोग्य केंद्रात तिला ‘प्रिक’ किंवा ‘नीडल स्टिक’ म्हणतात. ती बहुतेक वेळा परिचारिकेला होते. पण बाळाला धरून बसलेली आई, मदतीला उभी असलेली अंगणवाडी सेविका आणि शेवटी कचरा उचलणारा सफाई कामगार यांनाही ती होऊ शकते. सफाई कामगाराची इजा सर्वांत अन्यायाची, कारण ती सुई कोणाच्या अंगातून आली हे त्याला कधीच कळत नाही.

अशा सुईतून मुख्यतः तीन विषाणूंची भीती असते. सुई ज्याला टोचली होती त्याच्या रक्तात विषाणू असेल, तर लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. हिपॅटायटिस सीची शक्यता २ टक्क्यांहून कमी, तर एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के मानली जाते. लसीची सुई बारीक असते आणि ती शिरेत जात नाही, त्यामुळे तिच्यात रक्त फार थोडे राहते व प्रत्यक्ष धोका याहून कमी असतो. तरीही हिपॅटायटिस बीच्या विषाणूला रक्ताचा न दिसणारा अंशही पुरतो. म्हणून लस टोचणाऱ्या आणि कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाने ०, १ व ६ महिन्यांच्या अंतराने या रोगाच्या लसीच्या तीन मात्रा घेतलेल्या असणे ही प्रतिबंधाची पहिली पायरी ठरते.

सरकारी लसीकरणात आता एडी (ऑटो-डिसेबल, म्हणजे एकदाच वापरता येणारी) सिरिंज वापरतात. बहुतेक लसींसाठी ती ०.५ मिलीची आणि बीसीजी या क्षयरोगावरच्या लसीसाठी ०.१ मिलीची असते. मात्रा दिली की तिचा दट्ट्या अडकतो आणि ती पुन्हा भरता येत नाही. एकच सिरिंज अनेकांना वापरण्याचा धोका तिने संपवला. पण ही सोय पुढच्या बाळासाठी आहे, परिचारिकेच्या बोटासाठी नाही. दट्ट्या अडकला तरी सुई उघडीच राहते. त्यासाठी वेगळे साधन लागते, ते म्हणजे हब कटर. हा सुई तिच्या प्लास्टिकच्या बुंध्यासकट कापून बंद डब्यात पाडतो.

बाळाच्या मांडीतून सुई निघाल्यापासून ती हब कटरमध्ये पडेपर्यंतचे काही क्षण खरे धोक्याचे असतात. ‘सांभाळून काम करा’ एवढे सांगून हे क्षण सुरक्षित होत नाहीत; ते टेबलाच्या मांडणीने होतात. हब कटर टोचणाऱ्या हाताच्या बाजूला, हात लांबवताच पोचेल असा असावा. सिरिंज हातातून खाली न ठेवता थेट तिथेच न्यावी. सुईला टोपण परत लावू नये, सिरिंज दुसऱ्याच्या हाती देऊ नये, ट्रेमध्ये ‘नंतर कापू’ म्हणून साठवू नये. डबा तीन चतुर्थांश भरला की बदलावा.

गोव्यात सार्वत्रिक लसीकरणाची सत्रे प्राथमिक आरोग्य केंद्रांपुरती नसतात. ती उपकेंद्रांत, अंगणवाड्यांत आणि शाळांतही भरतात. सत्तरी किंवा पेडण्यातल्या एखाद्या अंगणवाडीत खोली लहान, टेबल एकच, दारात आया-आज्यांची गर्दी आणि पावसाळ्यात वीज गेलेली, असे सहज होते. अशा जागी हाताने चालणारा हब कटर बरोबर असावा, प्रकाश येईल तिथे टेबल लावावे आणि आत एका वेळी एकच बाळ घ्यावे.

बाळाने अचानक पाय झाडणे हे इजेचे मोठे कारण आहे. आईने बाळाला आडवे मांडीवर घ्यावे, त्याचा एक हात आपल्या काखेखालून पाठीमागे न्यावा, दुसरा धरावा आणि पाय आपल्या दोन मांड्यांमध्ये पकडावेत. कसे धरायचे हे सुईचे टोपण काढण्याआधी सांगितले पाहिजे. सुई आत गेल्यावर रक्त येते का हे पाहण्यासाठी दट्ट्या मागे ओढू नये. लसीकरणात त्याची गरज नसते, आणि सुई जितकी कमी वेळ आत तितका झटका बसण्याचा धोका कमी. हातमोज्यांनी सुई अडत नाही.

बीसीजी आणि गोवर-रुबेला या पूड स्वरूपातल्या लसी द्रावणात मिसळाव्या लागतात. द्रावणाची काचेची कुपी फोडताना बोट कापते, याकडे प्रशिक्षणात पुरेसे लक्ष दिले जात नाही.

इजा झालीच तर जागा साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी. बोट पिळू नये, तोंडात घालू नये, स्पिरिट वा आयोडीन लावू नये. मग लगेच वैद्यकीय अधिकाऱ्याला सांगावे. एचआयव्हीविरोधी औषधाची गरज ठरल्यास पहिली मात्रा शक्यतो २ तासांत मिळावी. ७२ तासांनंतर तिचा उपयोग मानला जात नाही. ही औषधे २८ दिवस घ्यायची असतात. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पुढील तपासणी होऊ शकते. पण सीमेवरच्या गावातून तिथे पोचण्यात वेळ जातो, म्हणून पहिली मात्रा जवळच्या केंद्रातच असायला हवी. सुई ज्या बाळाला टोचली होती त्याच्या आईची गरोदरपणात एचआयव्ही व हिपॅटायटिस बीची तपासणी झालेली असते. तिच्या संमतीने ती नोंद पाहता येते, मात्र तिची वाट पाहत औषध लांबवू नये.

औषध मिळणे ही मेहेरबानी नव्हे. एचआयव्ही व एड्स कायदा, २०१७ नुसार कामावर असताना संसर्गाचा धोका ओढवलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला प्रतिबंधक औषधे पुरवणे संस्थेवर बंधनकारक आहे. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ नुसार कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे हेही संस्थेचे कर्तव्य आहे. तरी ‘माझाच निष्काळजीपणा म्हणतील’ या भीतीने अनेक जण प्रिक लपवतात. ज्या केंद्रात नोंद केल्याबद्दल बोलणी बसतात, तिथल्या नोंदवहीत शून्य दिसते आणि टेबल मात्र जसेच्या तसे राहते.

सत्र संपल्यावर कापलेल्या सुया पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, सिरिंजचे प्लास्टिक लाल पिशवीत आणि काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात जातात. हा कचरा सामायिक प्रक्रिया केंद्राकडे सोपवला जातो. गोव्यात ते कुंडई येथे आहे.