मन हलके करणे

मन हलके करणे : चिंता, ताण किंवा दुःख बोलून, गाऊन, देवावर घालून अथवा हातच्या कामात मुरवून सोसण्याजोगे करण्याच्या नित्याच्या रीतींना मराठीत असलेले सामान्य नाव. प्रस्तुत नोंद मराठवाड्यापुरती, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, परभणी, हिंगोली व नांदेड या आठ जिल्ह्यांपुरती आहे. यांतील बहुतेक रीती महाराष्ट्रात इतरत्रही आढळतात. मराठवाड्याचे वेगळेपण रीतींत कमी आणि त्यांची गरज पाडणाऱ्या कारणांत अधिक आहे : पावसावरची शेती, १९७२ चा दुष्काळ व त्यानंतरचे दुष्काळ, ऊसतोडीसाठी घेतलेली उचल आणि १९९३ चा भूकंप.

शब्दविचार : चिंतेसाठी या भागात काळजी, घोर, इचार आणि अलीकडे टेन्शन हे शब्द चालतात. ‘लई इचार करू नको’ या सांगण्यातला इचार म्हणजे चिंतन नव्हे, चिंताच. संस्कृतात ‘घोर’ हे भयंकर या अर्थाचे विशेषण आहे. मराठीत त्याचे नाम झाले आणि तो जिवाला ‘लागू’ लागला. ‘काळजी’चा संबंध ‘काळीज’ या शब्दाशी जोडला जातो व तो बहुधा बरोबर आहे. काळीज हा शब्द मात्र संस्कृत ‘कालेय’ म्हणजे यकृत याच्यापर्यंत मागे जातो. अमरकोशानेही ‘कालखण्ड’ आणि यकृत हे एकच मानले आहे. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने काळीज धडधडत नाही, कारण ते हृदयच नव्हे. बोलीने अर्थ हृदयाकडे केव्हा सरकवला त्याचा काळ ठरवणे अवघड आहे. खाटकाच्या दुकानात ‘कलेजी’ मागितली, की आजही यकृतच मिळते.

‘हलका’ हा शब्द ‘लघुक’ याचा वंशज. प्राकृतात त्याची ‘लहुअ’ व ‘हलुअ’ अशी दोन्ही रूपे होती आणि बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या व्याकरणात हा वर्णविपर्यय नोंदवला आहे. या तपशिलाचे महत्त्व भाषाशास्त्रापुरतेच नाही. काळजी ‘मिटली’ असे क्वचितच म्हटले जाते; बोलल्यावर ‘हलकं वाटलं’ असे म्हणतात. ओझे तेवढेच राहते, ते उचलायला आणखी एक हात लागतो, अशी यामागची समजूत दिसते. गेल्या काही वर्षांत तरुणांच्या तोंडी आलेले ‘लोड घेऊ नको’ हे परक्या शब्दाने सांगितलेले तेच जुने रूपक होय. त्याला केवळ भाषेची भ्रष्टता म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले नाही.

ओवी : स्त्रियांच्या बाबतीत मन हलके करण्याचे सर्वांत जुने व सर्वांत चांगले नोंदले गेलेले साधन म्हणजे कामाच्या वेळची ओवी. तिचा बहुतेक अभ्यासकांनी दिलेला पहिला पुरावा कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (अभिलषितार्थचिंतामणी) या संस्कृत ग्रंथातला आहे. हा ग्रंथ शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा मानतात. एक-दोन वर्षांचा फरक काही ठिकाणी आढळतो. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते कर्नाटकात असले तरी लातूर व धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेला लागूनच आहे, त्यामुळे हा पुरावा या प्रदेशासाठी घरचाच म्हणायला हरकत नाही.

अडचण आहे ती त्यातल्या एका शब्दाची. महाराष्ट्रातील स्त्रिया ‘कण्डन’ करताना ओवी गातात, असे सोमेश्वर सांगतो. कण्डन म्हणजे उखळात मुसळाने कांडणे, धान्याचा कोंडा किंवा तूस वेगळे करणे. दळण्यासाठी संस्कृतात ‘पेषण’ हा वेगळा शब्द आहे. पुष्कळ लेखकांनी कण्डनाचा अर्थ ऐसपैस घेऊन त्यात दळणकांडण दोन्ही बसवले आणि ‘बाराव्या शतकात जात्यावर ओव्या गात’ असे विधान रूढ केले. शब्दशः अर्थ घेणाऱ्यांच्या मते पुरावा फक्त मुसळाचा आहे. हा दुसरा पक्ष अधिक सुरक्षित वाटतो. दोन्ही कामांची लय निराळी आहे : मुसळाचा ठोका तुटक पडतो, श्वास प्रत्येक ठोक्याला सुटतो, जात्याची घरघर अखंड असते आणि गळा तिच्यावर लांब सूर धरू शकतो. शिवाय कांडणाची मुख्य गरज भाताला, दळणाची ज्वारीला. मराठवाडा हा ज्वारीचा मुलूख. तेव्हा जात्यावरची ओवी इथे सोमेश्वराच्या आधीचीही असू शकेल किंवा नंतरचीही. त्याच्या एका शब्दावरून त्याचा निर्णय होत नाही.

‘ओवी’ हा शब्द ‘ओवणे’ (गुंफणे) या क्रियापदापासून आला, हे मत सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. कानडीतील त्रिपदी या छंदाशी तिचे नाते असावे, असेही सुचवले गेले आहे. धाराशिव, लातूर, नांदेड या सीमाभागात दोन्ही भाषांची सतत झालेली सरमिसळ पाहता ते अगदीच टाकाऊ नाही. ग्रंथांतील ओवीला साडेतीन चरणांचे बंधन मानतात. कंठस्थ ओवी इतकी शिस्त पाळत नाही; ती बहुधा दोन ओळींची असते आणि ‘बाई’, ‘बया’, ‘सई’ अशी संबोधने घालून लय भरून काढते.

दळण पहाटे होई. दोघी समोरासमोर, एकेक पाय लांब सोडून बसत. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एक जण मोकळ्या हाताने जात्याच्या तोंडात ज्वारीची वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घाली. पहिली ओळ एकीने घ्यायची, दुसरीने ती उचलायची. तोपर्यंत पिठाची कड जात्याभोवती जमत जाई. घरचे पुरुष झोपलेले असत किंवा झोपलेले धरले जात. या मांडणीत बोलणाऱ्या बाईला कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागत नसे, आणि जे म्हणायचे ते आपले म्हणून म्हणावेही लागत नसे. सासुरवास सीतेचा असे, वनवास सीतेचा असे. सीतेला घरातून घालवले, तिला माहेर उरले नाही, तिचे बाळंतपण रानात झाले, हे सांगताना गळा भरून आला तर तो सीतेसाठी भरला असे म्हणायची सोय होती. सासूला हे कळत नसे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तीही कधीकाळी त्याच खुंट्याला बसलेली असे.

या संदर्भात गंगाखेड (जि. परभणी) येथील संत जनाबाईचा उल्लेख करावाच लागतो. नामदेवांच्या घरची दासी असलेल्या जनाबाईला दळू लागायला खुद्द विठ्ठल येतो, ही कथा घरोघरी माहीत आहे. भाविक तिच्याकडे चमत्कार म्हणून पाहतात. एकटीने ओढायच्या जात्याला दुसरा हात मिळणे, हेच तिचे मर्म धरले तर ती या नोंदीच्या विषयाशी अधिक जुळते.

ओव्यांच्या संकलनाचे मोठे काम पुण्यातून गी पॉइतवॅं आणि हेमा राईरकर यांनी १९८० नंतरच्या काळात उभे केले. त्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्यात पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशी भागाचा वाटा मोठा आहे. मराठवाड्यातील ध्वनिमुद्रणांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या दलित स्त्रियांनी गायलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या विशेष महत्त्वाच्या आहेत, कारण त्यात सीतेची जागा भीमरावाने घेतली आहे आणि गाऱ्हाण्याची जागा अभिमानाने. विजेची चक्की गावोगाव आल्यावर जाते कोपऱ्यात गेले. ओवी लग्नातल्या हळदीपुरती आणि बारशापुरती उरली. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांपुढे बायका रिकामे जाते फिरवून गात.

गाऱ्हाणे, नवस, चिंतामणी : देवापुढे दुःख मांडण्याला ‘गाऱ्हाणं घालणे’ आणि त्यानंतर निश्चिंत होण्याला ‘भार टाकणे’ म्हणतात. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी आणि येरमाळ्याची येडेश्वरी ही यासाठीची मुख्य ठाणी. नवस बोलण्यात एक व्यावहारिक बाजू आहे, ती सहसा दुर्लक्षित राहते : नवस बोलला की फेडण्याची मुदत पुढे जाते आणि तोवर त्या गोष्टीचा विचार स्थगित ठेवण्याची परवानगी मिळते.

तुळजापूरच्या मंदिरात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. मनातला प्रश्न धरून त्यावर दोन्ही हात अलगद ठेवायचे. दगड उजवीकडे वळला तर काम होणार, डावीकडे वळला तर नाही, जागचा हलला नाही तर उशीर लागेल, असा कौल समजतात. मुलीचे लग्न, बोअरला पाणी, नोकरी, कोर्टातली तारीख असे प्रश्न घेऊन लोक रांगेत असतात. शिवाजी महाराज मोहिमेपूर्वी येथे कौल घेत, ही आख्यायिका आहे. तिला समकालीन आधार दाखवला जात नाही. नावाबद्दलही थोडा खुलासा हवा. संस्कृतातील चिन्तामणि म्हणजे चिंतिलेले, इच्छिलेले देणारे रत्न. काळजी हरण करणारा मणी हा अर्थ मराठी कानाने लावून घेतला आहे. तो मुळाशी धरून नसला तरी रांगेतल्या माणसाच्या दृष्टीने तोच खरा.

दर्ग्यांकडेही याच हेतूने जाणे आहे. खुलताबाद येथील सूफी संतांच्या दर्ग्यांत आणि कंधार येथील हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यात हिंदू कुटुंबेही जातात. मुलाची दृष्ट काढताना मीठ-मोहरी विस्तवावर टाकणे, अंगारा लावणे हे घरगुती प्रकार सर्वत्र आहेत. भानामती हा मात्र वेगळा विषय आहे. बाईचे एकाएकी घुमणे, ओरडणे, कपडे आपोआप पेटल्याचे सांगणे यांमागे करणी असल्याचा समज लातूर, नांदेड आणि लगतच्या बिदर भागात बराच काळ टिकला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी व मानसोपचारतज्ज्ञांनी त्याकडे दाबून राहिलेल्या ताणाचा उद्रेक म्हणून पाहिले, आणि हेच मत ग्राह्य वाटते. भानामतीच्या नावाने मारहाण किंवा फसवणूक करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

सप्ताह : अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस-रात्र वीणा खाली ठेवायची नाही, असा नियम आहे. गावकरी तासा-दोन तासांचे ‘पहारे’ वाटून घेतात. रात्री दोन ते चारचा पहारा ज्याच्याकडे येतो, तो वीणा गळ्यात अडकवून उभा राहतो किंवा मंडपात संथ येरझाऱ्या घालतो. पुढचा माणूस आला की त्याच्या गळ्यात वीणा जाते, दोघे एकमेकांच्या पाया पडतात. झोप न लागणाऱ्या माणसाला जागण्याचे मानाचे कारण मिळते, हा या पहाऱ्याचा कोणीही न सांगितलेला उपयोग म्हणता येईल. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होऊन सप्ताह संपतो.

पार व हॉटेल : पुरुषांची बैठक वडा-लिंबाच्या पारावर, मारुतीच्या देवळापुढे किंवा फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात. तंबाखू मळून पुढे करणे हे इथे बोलण्याचे आमंत्रण असते. पाऊस, भाव, पीकविमा यांवर बोलणे होते. स्वतःच्या कर्जावर सहसा नाही. दारूकडेही अनेक जण याच कारणाने वळतात, पण तिने ओझे घरातल्या बाईच्या डोक्यावर जाते. बीड व लगतच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत तर पारही मागे राहतो. नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून मोजली जाते, मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडेपर्यंत कोपी म्हणजे झोपडी हेच घर.

येळवस : मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत शेतात जेवणाचा सण असतो. सीमेपलीकडे कर्नाटकात तो ‘एळ्ळ अमावास्या’ म्हणून ओळखला जातो. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. मराठीतील ‘वेळ अमावास्या’ हे रूप त्याचेच मराठीकरण असावे. आंबील, भज्जी, उंडे असे जेवण घेऊन घरेच्या घरे रानात जातात, लातूरचे रस्ते ओस पडतात. ज्यांचे शेत नाही त्यांनाही त्या दिवशी कोणाच्या तरी शेतात बोलावणे असते.

भूकंपानंतर : ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसराला भूकंपाचा धक्का बसला. मृतांचा आकडा साधारण दहा हजारांच्या घरात दिला जातो. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. नव्या वसाहतींत रस्ते रुंद व सरळ झाले, घरे सुटी सुटी झाली. जुन्या गावातली बोळ, वाड्याचा ओटा आणि पार यांनी आपोआप होणारे बोलणे तिथे ठरवून करावे लागले. दगडी भिंतीच्या धास्तीने लोक कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहणे पसंत करीत.

शासकीय उपाय : शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याच्या आरोग्य विभागाने २०१५ पासून चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ ही समुपदेशन सेवा सुरू केली, त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे आहेत. आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन ताणाची लक्षणे विचारते आणि गरज असेल त्याला जिल्हा रुग्णालयाकडे पाठवते. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते. अशा विचारपूशीत ‘मला चिंता आहे’ असे उत्तर क्वचित येते. ‘डोकं जड पडलंय’, ‘अंग गळून गेलंय’, ‘काळीज धडधडतंय’ अशी उत्तरे येतात, आणि बऱ्याच वेळा रक्तदाब तपासून, गोळ्या देऊन माणसाला घरी धाडले जाते.