मुकादम गेला, सुपरवायझर आला: बेळगावच्या कारखान्यांमागची गोष्ट

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, नवा सुपरवायझर कोणाला करायचं यावर मालक फारशी डोकेफोड करत नाही. ज्याचा साचा ढासळत नाही, ज्याच्या पीसमध्ये ब्लोहोल (आत राहिलेल्या हवेच्या पोकळ्या) निघत नाहीत, त्याचंच नाव पुढे येतं. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांची हजेरी आजपासून त्याने घ्यायची, चुकलं तर त्यांना बोलायचं आणि संध्याकाळी रिजेक्शनचा आकडा घेऊन केबिनमध्ये उभं राहायचं. हे कसं करायचं ते त्याला कोणी सांगत नाही. आता त्यासाठी दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षणवर्ग निघालेत. अशा वर्गांची गरज मुळात का पडली, ते कळायला मुकादमापर्यंत मागे जावं लागतं.

मुंबईच्या गिरण्यांत त्याला जॉबर म्हणत. माणसं तोच गावाकडून आणायचा, तोच कामाला लावायचा, त्याबद्दल दस्तुरी, म्हणजे कमिशन, घ्यायचा, अडीनडीला उसने पैसेही द्यायचा. त्याच्याशी वाकडं घेतलं की नोकरी गेली. एवढी सत्ता हातात असल्यावर बोलायचं कसं, समजावायचं कसं, हे शिकायची त्याला गरजच नव्हती. १९२९ साली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा असं सुचवलं. आपल्याकडे मात्र मुकादम पुरता गेलेला नाही. चिकोडी-अथणीच्या पट्ट्यात ऊसतोडीची टोळी अजूनही मुकादमाच्या उचलीवरच बांधली जाते.

याच मातीत एक निराळी वाटही निघाली होती. गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आधी सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. त्याआधी ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. हक्काची बढती डावलून दुसऱ्याला दिली, म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली. बढती कोणाला आणि कशी द्यायची याची खुणगाठ त्यांनी तिथेच बांधली असावी, असा माझा तर्क. १९१० साली बेळगावातली जागा सोडावी लागली आणि औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावचं हे नुकसान इथली जुनी माणसं आजही बोलून दाखवतात.

मुकादमाच्या हातातली खरी काठी काढून घेतली ती कायद्याने. १९४६च्या स्थायी आदेश कायद्यामुळे शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना नोकरीच्या अटी आणि शिस्तीचे नियम लिहून मंजूर करून घ्यावे लागले. १९४७ साली औद्योगिक विवाद कायदा आला, १९४८ साली कारखाना कायदा. कामाचे तास, रजा, कामावरून काढण्याची रीत, सगळं कागदावर आलं. कोणाला ठेवायचं आणि कोणाला घालवायचं हे ठरवणं ऑफिसात गेलं. कारखान्यात प्रत्यक्ष कामाच्या जागी उरला तो सुपरवायझर, ज्याला उत्पादन तेवढंच काढायचं होतं, पण धाक दाखवायला हातात काही नव्हतं.

तो नक्की कोण, हा घोळ कायद्यालाही कधी नीट सोडवता आलेला नाही. औद्योगिक विवाद कायद्याच्या १९५६च्या दुरुस्तीने देखरेखीचं काम करणारा आणि महिना ५०० रुपयांपेक्षा जास्त पगार घेणारा माणूस 'कामगार' या व्याख्येबाहेर काढला. ही मर्यादा पुढे १,६०० झाली, २०१० साली १०,००० आणि २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत १८,०००. कोर्टांनी मात्र वारंवार सांगितलं की पाटीवर काय लिहिलंय ते बघू नका, माणूस दिवसभर प्रत्यक्ष काय करतो ते बघा. त्यामुळे अर्धा दिवस स्वतः साचे भरणारा 'सुपरवायझर' कायद्याने कामगारच ठरू शकतो. युनियनला तो साहेबांचा वाटतो, साहेबांना तो युनियनचा.

त्याच १९५६च्या नोव्हेंबरात बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. सीमाप्रश्नाची चर्चा इथे करायची नाही, पण सुपरवायझरचं काम त्याने अवघड केलं, हे खरंच. नोटीस कन्नडमध्ये, ड्रॉइंग इंग्रजीत, येळ्ळूर-मच्छेच्या पोरांशी बोलणं मराठीत आणि अलीकडे उत्तरेतून आलेल्या मुलांशी हिंदीत. या चारही भाषा येणारा माणूस इथे निम्मा सुपरवायझर आधीच झालेला असतो.

धाक गेल्यावर काय करायचं याचं उत्तर अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडलं. युद्धाचा माल बनवायला कारखान्यांत नवखी माणसं भरावी लागली. तेव्हा १९४० साली सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' ही योजना काढली आणि १९४५पर्यंत १६ लाखांवर सुपरवायझर तिच्यातून शिकून बाहेर पडले. काम शिकवणं, कामाची पद्धत सुधारणं आणि माणसं सांभाळणं असे तीन पाठ होते, प्रत्येकी दहा तासांचे. पहिल्या पाठात प्रशिक्षक विजेच्या वायरची एक गाठ शिकवायचा. आधी नुसती तोंडाने सांगायचा. समोरच्याला जमायची नाही. मग न बोलता मारून दाखवायचा. तरीही जमायची नाही. मग एकेक टप्पा दाखवत, नेमकी मेख कुठे आहे ते सांगत, त्याच्याकडूनच करून घ्यायचा, की गाठ बसायची. शिकणारा शिकला नाही तर शिकवणाऱ्याने शिकवलंच नाही, हे या योजनेचं घोषवाक्य होतं. आजच्या बहुतेक वर्गांचा सांगाडा इथूनच आलाय, वर रंगीत स्लाइड्स चढवल्या एवढंच.

स्वातंत्र्यानंतर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांबरोबर ही पद्धत भारतात आली, १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. लाभ झाला तो मुख्यतः मोठ्या गिरण्या आणि कारखान्यांना. वीस-पंचवीस माणसांची फाउंड्री तीन दिवस सुपरवायझरला सोडणार कुठून?

गंमत म्हणजे बेळगावात हाताखालची माणसं चालवायचं शिक्षण देणारी मोठी शाळा होतीच, फक्त ती कॅम्पात होती. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२पासून इथे आहे आणि इन्फंट्री स्कूलची ज्युनियर लीडर्स विंगही इथेच. निवृत्त हवालदार-सुभेदार कारखान्यांत टाइमकीपर, सुपरवायझर म्हणून येतात. शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली असते. पण भट्टीवर हुकूम फारसा चालत नाही. तिथे वीस वर्षं साचे भरण्याचा अनुभव असलेला मोल्डर 'बघू की' म्हणतो आणि विषय संपतो.

बदल रेटला तो बाहेरच्या ग्राहकाने. निर्यातीची कास्टिंग (ओतीव भाग) घेणारे ऑडिटला येऊ लागले आणि कोणाला काय शिकवलं याची नोंद मागू लागले. २००९पासून बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनू लागले, तिथे तर ही नोंद हवीच. इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेला बावीस वर्षांचा मुलगा पन्नाशीच्या मोल्डरवर देखरेख करू लागला. यातला शहाणा मुलगा पहिल्या दिवशी टॅबलेट बाजूला ठेवतो. ''मामा, वाळू बघून दावा की जरा,'' म्हणतो. मामा वाळू मुठीत दाबतात, बोटांचे ठसे उमटलेत का पाहतात, गोळा मोडतात आणि कड ढासळत नाही हे दाखवतात. पाणी जास्त झालं तर ब्लोहोल धरणार, हे मुलाला लॅबच्या आकड्यांतून माहीत असतं. दोघांची माहिती जुळली की पुढचं बोलणं सोपं होतं.

तरी तीनपैकी तिसरा पाठ, माणसं सांभाळण्याचा, इथल्या छोट्या कारखान्यांत अर्धाच राहतो. जुलैत रोप लावणीला चार दिवस सुट्टी हवी असली किंवा मुलीच्या लग्नाला ॲडव्हान्स, तर कामगार सुपरवायझरला ओलांडून थेट मालकाच्या केबिनमध्ये जातो, आणि मालक तिथल्या तिथे 'जा' म्हणतो. दुसऱ्या दिवशी माणूस आला नाही, हे सुपरवायझरला हजेरी घेताना कळतं.