काळाची भूक आणि दालांगचा खेळ

एकुलतं एक मूल, एक भाऊ आणि एक बहीण, जुळी भावंडं, ओळीने पाच मुलगेच: इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या जुन्या समजुतीप्रमाणे ही सगळी मुलं 'सुकेर्ता', म्हणजे बातारा कालाचं हक्काचं खाद्य. काला म्हणजे आपल्या ओळखीचा काळच. बातारा गुरू, म्हणजे शिव, उमेसोबत नंदीवर बसून समुद्रावरून चालला असताना त्याचं वीर्य पाण्यात पडलं आणि त्यातून हा जन्मला. पोराला भूक लागली तेव्हा कोणाला खायचं ते बापानेच ठरवून दिलं. मग माणसं उरायची कशी, असा प्रश्न पडला आणि विष्णूला दालांग होऊन पृथ्वीवर यावं लागलं. दालांग म्हणजे वायांगच्या, जावाच्या छायानाट्याच्या, चामडी बाहुल्या पडद्यामागून नाचवणारा. कालाच्या अंगावरची अक्षरं या दालांगने वाचून दाखवली आणि कालाला त्याचं ऐकणं भाग पडलं.

या कथेचा खेळ लावून मुलाला सोडवण्याच्या विधीला रुवातान म्हणतात. इथे कथा आणि कृती वेगळी काढता येत नाही. पडद्यावरचा दालांग जो मंत्र म्हणतो, तोच मंत्र समोर पांढऱ्या वस्त्रात बसलेल्या खऱ्या मुलावर चालतो. मग दालांगच त्याचे केस कापतो, फुलांच्या पाण्याने न्हाऊ घालतो. हे काम कुठल्याही दालांगने करायचं नाही. तो वयाने पिकलेला आणि दालांगांच्याच घराण्यातला लागतो. आपल्याकडे लग्नानंतर गोंधळ 'घालतात'. चार माणसं तो पाहायला बसतात, पण घातलेला असतो देवीसाठी. रुवातानचंही तसंच.

हे फार जुनं आहे. राजा बालितुंगच्या काळातला इ.स. 907 चा एक लेख जमीन करमुक्त करण्याच्या समारंभाची हकिकत देतो. त्यात गालिगी नावाच्या माणसाने 'ह्यांग'साठी, म्हणजे देवतांसाठी, वायांग केल्याची नोंद आहे; विषय होता तरुण भीम. कलावंताचं नाव आलं, कथा आली, खेळ कोणासाठी तेही आलं. पाहणाऱ्यांचं काही नाही.

पुढे जावा मुस्लिम झाला, तरी वायांग टिकला. वायांगच्याच आधाराने सुनान कालीजागा या संताने इस्लाम पसरवला, असं परंपरा मानते. गावोगावी सुगीनंतर 'बेर्सिह देसा', गावाची शुद्धी, होतच राहिली: गावराखणदाराला नैवेद्य, सामुदायिक जेवण आणि बऱ्याच ठिकाणी रात्रभर वायांग, पुष्कळदा भातपिकाच्या देवी श्रीची कथा. तिकीट नाही, आमंत्रणाची गरज नाही. मध्यरात्रीनंतर सेमार आणि त्याची पोरं पडद्यावर येतात. व्यासांच्या महाभारतात नसलेले हे विदूषक, राजपुत्रांचे नोकर. गावच्या मुखियाला तोंडावर जे बोलता येत नाही ते यांच्या तोंडून बोललं जातं आणि मुखियालाही हसावं लागतं.

सत्तेचं याकडे लक्ष जाणारच होतं. इंडोनेशियातल्या 1965-66 च्या कम्युनिस्टविरोधी हत्याकांडात डाव्या संघटनांशी संबंध असल्याच्या संशयावरून कित्येक कलावंत मारले गेले, तुरुंगात पडले, कित्येकांवर बंदी आली. नंतर राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीने दालांगांना विकासाचे निरोप पोचवण्याच्या कामाला लावलं. त्यात कुटुंबनियोजनही होतं: दोन मुलं पुरेत.

गंमत अशी की सरकारी भित्तिपत्रकावरचं आदर्श कुटुंब, एक मुलगा आणि एक मुलगी, कालाच्या यादीत नेमकं बसतं. त्याला 'केदाना-केदिनी' असं खास नावही आहे. म्हणजे रात्री लहान कुटुंबाचा प्रचार करणाऱ्या दालांगच्याच दारी, त्या सल्ल्याने वागलेले आईबाप मुलांना घेऊन यायचे. आता खर्च वाटून घेण्यासाठी सामूहिक रुवातानही होतात: एकच पडदा, एकच दालांग आणि समोर पांढऱ्या कपड्यांत ओळीने बसलेली बरीच मुलं.